सात ते साडेआठ

शनिवारी दुपारी चारला सुरू झालेलं नाटक पावणेसातच्या सुमारास संपतं. कलाकार रांगेत उभे राहून नमस्कार करतात. त्यांतला एक पुढं येऊन ‘आवडलं तर चार जणांना सांगा, नाही आवडलं तर फक्त आम्हाला सांगा’ हे वर्षानुवर्षांचं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो आणि पडदा पडतो. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमधून बाहेर पडलेले लोक तलावपाळीच्या वाऱ्याला येतात. कुणी कोपिनेश्वराच्या देवळाकडे वळतं, कुणी स्टेशनाकडे. रात्रीचा प्रयोग साडेआठचा. तो दुसऱ्या संस्थेचा, दुसऱ्या नाटकाचा. दुपारी फ्लॅटमधला दिवाणखाना होता, रात्री वाड्याची ओसरी हवी, वर माडीला जाणारा जिना हवा. म्हणजे पडद्याआड सात ते साडेआठ एवढ्या वेळात एक घर मोडून बाहेर न्यायचं, दुसरं आत आणून उभं करायचं, त्यावर दिवे लावायचे आणि उदबत्ती लावून तिसऱ्या घंटेची वाट पाहायची.

ठाण्याच्या सांस्कृतिक जीवनावर लिहायचं तर यादी हाताशी असते. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, २०१० साली भरलेलं ८४वं साहित्य संमेलन, पाडव्याची स्वागतयात्रा, तलावपाळीची दिवाळी पहाट, जानेवारीतली व्याख्यानमाला, पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव. ही यादी खोटी नाही. पण शहर नाटकाचं आहे का, हे या दीड तासात जास्त कळतं असं मला वाटतं. अदलाबदल वेळेत होत असेल तर एका रंगमंचावर दिवसात सकाळ, दुपार, रात्र असे तीन कार्यक्रम मावतात. होत नसेल तर दोनच मावतात, आणि ते दोन नेहमी चालत्या नावांचे असतात. तिसरं, नवं, कुणी न ऐकलेलं नाटक मग मंगळवारच्या दुपारवर ढकललं जातं. मंगळवारच्या दुपारी ऐंशी माणसं येतात आणि महिन्याभरात ते नाटक बंद होतं. त्याचं कारण म्हणून ‘प्रेक्षकांची अभिरुची’ सांगितली जाते. कधीकधी कारण मागच्या दाराच्या रुंदीत असतं.

आधी मोडण्याचा क्रम पाहू. पडदा पडल्या पडल्या सगळ्यात आधी प्रॉपर्टी उचलली जाते: चहाचे कप, चष्मा, पत्रं, टेलिफोन, देवघरातली घंटी. हे सगळं पत्र्याच्या पेटीत जातं आणि पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवलेली असते. मग कपडेपट. मग सोफा, टेबल, खुर्च्या. मग दारं-खिडक्यांच्या चौकटी, मग भिंती म्हणजे फ्लॅट, आणि शेवटी लेव्हल, म्हणजे ज्यावर माजघर किंवा जिना उभा असतो ते चौथरे. बसमध्ये भरण्याचा क्रमही हाच. प्रॉपर्टी सगळ्यात आत, लेव्हल दाराशी. कारण पुढच्या मुक्कामी पहिल्यांदा लागतात लेव्हल आणि शेवटी लागतात कप. मोडण्याचा, भरण्याचा आणि पुन्हा लावण्याचा क्रम असा आपोआप एकमेकांत बसतो. तो बिघडतो केव्हा, तर घाईत कुणीतरी सोफा शेवटी भरतो तेव्हा. पुढच्या गावी मग सोफा आधी उतरतो, रंगमंचाच्या मधोमध येऊन बसतो आणि पुढचा अर्धा तास प्रत्येक जण त्याला वळसा घालत राहतो.

नाटकाची बस हे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढं कलाकारांच्या खुर्च्या, मागं सेटचा कप्पा, वर टपावर ताडपत्री. या कप्प्याच्या उंचीत मावेल तेवढीच भिंत उंच करता येते; त्याहून उंच हवी असेल तर ती मधोमध बिजागऱ्या लावून दुमडावी लागते. प्लायवूडचा बाजारातला पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणून फ्लॅटची रुंदीही बहुधा चार फूट किंवा त्याच्या आतली. आता हा चार फुटी फ्लॅट मागच्या दारातून आत न्यायचा. दार दहा फूट उंच, आठ फूट रुंद आणि बसच्या फळीच्या पातळीला असेल तर दोन माणसं फ्लॅट उभाच आत ढकलतात, एक फेरी अर्ध्या मिनिटात होते. दार घरातल्या दारासारखं सात फुटी असेल, पुढं पाच पायऱ्या आणि पायऱ्यांनंतर काटकोनात वळण असेल, तर तोच फ्लॅट आडवा करून, तिरपा करून, ‘उचल, उचल, थांब, माझी बोटं’ करत न्यावा लागतो. फेरी दोन मिनिटांची होते. पंचवीस-तीस फ्लॅट, शिवाय लेव्हल, शिवाय चौकटी. या एका वळणात पाऊण तास जातो आणि प्रत्येक फेरीत कोपऱ्याचा थोडा रंग उडतो. प्रेक्षकाला वाटतं, निर्मात्यानं सेटवर खर्च केला नाही.

म्हणून नेपथ्यकार सेट आखताना दौऱ्यातल्या सगळ्यात अरुंद दाराचं माप धरतो. ठाण्यात दार मोठं असून उपयोग नाही. याच आठवड्यात ते नाटक मुलुंडच्या कालिदासला, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुलेला, कल्याणच्या अत्रे रंगमंदिराला, वाशीच्या भावे नाट्यगृहाला जाणार असतं. या पाच-सहा रंगमंचांत ज्याचं दार सर्वांत लहान तो बाकीच्यांचं सौंदर्यशास्त्र ठरवतो. मराठी नाटकात दिवाणखाना इतका का, असं विचारणाऱ्या समीक्षकांनी कधीतरी टेप घेऊन मागच्या बाजूला जावं. तीन भिंती, एक दार, एक खिडकी, मागं स्वयंपाकघराचा पडदा: हा आशय मध्यमवर्गीय आहेच, पण तो घडीचाही आहे.

लावण्याचा क्रम मात्र दिव्यांपासून सुरू व्हायला हवा. रंगमंचावर काही नसताना दिवे टांगायचे आडवे बार खाली घ्यायचे, स्पॉट टांगायचे, त्यांना जेल पेपर, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचे, वायरी ओढायच्या, बार वर. मग लेव्हल, मग फ्लॅट, मग फर्निचर, आणि मग शेवटी शिडी घेऊन प्रत्येक दिवा त्याच्या जागेवर फोकस करायचा. बस घोडबंदरच्या वाहतुकीत अडकून पावणेआठला आली की हा क्रम उलटतो. बस दारात आहे, माणसं मोकळी आहेत, म्हणून आधी सेट लागतो. मग दिवेवाला शिडी घेऊन येतो आणि शिडी ठेवायला जागा नसते. एक पाय लेव्हलवर, एक जमिनीवर, खाली एक पोरगा शिडी धरून. अपघात याच वेळी होतात. आणि अपघात झाला नाही तरी फोकस होतो तो अंदाजे. पहिल्या अंकात नायिकेच्या कपाळावर खिडकीची सावली पडते, आणि ती बिचारी प्रत्येक वेळी अर्धं पाऊल पुढं सरकून बोलते.

विजेचं गणितही या दीड तासात करावं लागतं. जुना हॅलोजन स्पॉट एक हजार वॅटचा. असे चाळीस लावले तर चाळीस किलोवॅट, तीन फेजवर वाटले तर प्रत्येक फेजला साधारण ५८ अँपिअर. सगळे एकदम पूर्ण कधी पेटत नाहीत, तरी लोड कागदावर मांडून तिन्ही फेजवर सारखा वाटणारा दिवेवाला आणि मोकळं दिसेल त्या सॉकेटमध्ये पिन खुपसणारा दिवेवाला यांतला फरक दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात कळतो. एलईडी आल्यापासून हा ताण फार कमी झाला. दीड-दोनशे वॅटमध्ये काम होतं, जेल पेपरचा खर्च वाचतो, शिडीच्या फेऱ्या वाचतात. पण एलईडीचं एक दुखणं आहे. हॅलोजन मंद करत नेला की तो तांबूस होत विझतो, दिवेलागणीनंतरच्या उजेडासारखा. स्वस्तातला एलईडी मंद करताना शेवटच्या टप्प्यात टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो आणि पट्कन मरतो. विनोदी नाटकात चालतं. आई पत्र वाचत असताना हळूहळू अंधार व्हायचा असेल तिथं दोन-चार हॅलोजन अजूनही वेगळे बांधून ठेवावेत.

दिव्यांचं आणि आवाजाचं पटत नाही ते डिमरमुळे. डिमर वीज कापून दिवा मंद करतो, आणि त्या कापण्याची भुणभुण जवळून गेलेल्या माइकच्या वायरीत शिरते. दिवे पूर्ण पेटलेले असताना ऐकू येत नाही; अर्धे केले की स्पीकरमधून माशी गुणगुणते. हळव्या प्रसंगात दिवे अर्धे असतात, म्हणजे माशी नेमकी तेव्हाच. उपाय जुना आणि फुकटचा आहे. आवाजाची यंत्रणा दिव्यांपासून वेगळ्या जोडणीवर घ्यायची, अर्थिंग नीट तपासायचं, माइकच्या वायरी एका बाजूच्या विंगेतून आणि दिव्यांच्या दुसऱ्या बाजूनं न्यायच्या. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडायच्या, शेजारी शेजारी झोपवायच्या नाहीत. साडेआठला दहा कमी असताना हे कुणाला आठवत नाही, म्हणून चांगल्या थिएटरांत हे मार्ग आधीच आखून, पट्ट्या मारून ठेवलेले असतात.

माइक शिट्टी मारतो तेव्हा मागच्या रांगांतून ‘आवाज वाढवा’ अशी हाक येते आणि आवाजवाला घाबरून तो कमी करतो. दोघांचंही चुकत नाही. टांगलेले आणि काठावरचे माइक नटापासून पाच-सात फुटांवर असतात, त्यामुळे त्यांना खूप उघडावं लागतं. इतकं की स्पीकरमधून गेलेला आवाज परत त्यांच्यात शिरतो. स्पीकर माइकच्या पुढं, प्रेक्षकांच्या बाजूला आणि त्यांच्याकडेच तोंड करून हवेत. बाहेरून आणलेला स्पीकर जागा नाही म्हणून विंगेच्या तोंडाशी ठेवला की शिट्टी ठरलेली. काठावरच्या माइकखाली स्पंजचा तुकडा नसेल तर लाकडी रंगमंचावरचं प्रत्येक पाऊल ढोलासारखं वाजतं. आता बरेच नट कॉलरला माइक लावतात. त्यानं शिट्टी गेली, पण आलिंगनं अवघड झाली: दोन माइक छातीशी घासले की समुद्र खवळल्यासारखा आवाज होतो.

बोलण्याच्या नाटकाला सभागृहात आवाजाचा रेंगाळ सुमारे एक सेकंद पुरतो. गाण्याला दीड सेकंद असला तर सूर फुलतो. आपली नाट्यगृहं दोन्ही कामं करतात. सकाळी नाट्यसंगीताची मैफल, संध्याकाळी संवादांचा मारा. त्यामुळे गायकांना ती कोरडी वाटतात आणि नटांना घुमणारी. भरलेलं सभागृह आवाज शोषतं, रिकामं घुमवतं. म्हणून रिकाम्या सभागृहात केलेली माइक चाचणी साडेआठला खोटी ठरते आणि पहिली दहा मिनिटं आवाजवाल्याची बोटं सरकपट्ट्यांवरून उठत नाहीत.

वातानुकूलनाबद्दलच्या तक्रारी तर नाटकाच्या परीक्षणाहून लांब असतात. एक माणूस नुसता बसला तरी साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार माणसं म्हणजे शंभर किलोवॅट, म्हणजे नुसत्या प्रेक्षकांसाठीच सुमारे अठ्ठावीस टन वातानुकूलन. दिवे आणि छपराची ऊब वेगळी. दुपारचे प्रेक्षक गेले की वीज वाचवायला यंत्र बंद करायचं आणि सव्वाआठला पुन्हा लावायचं, हा हिशेब ऑक्टोबरात अंगाशी येतो. भिंती आणि खुर्च्यांच्या गाद्या तापलेल्याच असतात, वर हजार माणसं येऊन बसतात, आणि यंत्र पहिला अंक संपेपर्यंत फक्त धापा टाकतं. सुरू करायचं तर माणसं आत यायच्या अर्धा-पाऊण तास आधी. पावसाळ्यात बंद ठेवण्याचा दुसरा तोटा: खाडीकाठच्या हवेत बंद सभागृहातले मखमली पडदे दोन दिवसांत कुबट होतात आणि लाकूड फुगतं.

लाकूड फुगतं त्यावरून आठवलं. फार्सची अर्धी जान दारात असते. नट दार धाडकन लावून जातो, त्याच क्षणी दुसरं दार उघडतं, हशा. जुलै महिन्यात सेटचं दार चौकटीत अडकतं, नट दोनदा ओढतो, भिंत हलते, आणि हशा येतो तो चुकीचा. दार आणि चौकट यांत तीन-चार मिलिमीटरची फट उन्हाळ्यातच सोडून ठेवावी लागते. आणि दाराच्या चौकटीला मागून दोन टेकू वेगळे लागतात, बाकी भिंतीला एकेक चालतो. टेकू जमिनीला धरून ठेवायचे दोन मार्ग. एक, पायाशी वाळूची पोती किंवा लोखंडी वजनं. दुसरा, खिळा. वजनं वाहून न्यावी लागतात, खिळा हातोडीच्या दोन ठोक्यांत बसतो. साडेआठ वाजत आले की खिळा जिंकतो.

समोरच्या बाजूचं गणित मागच्याइतकंच निर्दय आहे. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. नऊशे प्रेक्षक, त्यांत साडेचारशे बायका, त्यांतल्या एक तृतीयांश स्वच्छतागृहाकडे गेल्या तर दीडशे. आठ संडास आणि प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी शेवटच्या बाईचा नंबर छत्तीस मिनिटांनी. मधली घंटा वाजते, बायका रांग सोडून परत येतात, दुसऱ्या अंकाची पहिली पाच मिनिटं अंधारात पाय तुडवत जागा शोधण्यात जातात. स्त्रियांच्या बाजूला पुरुषांच्या दुप्पट सोय हवी, हे नाटकाच्या दृष्टीनंसुद्धा खरं आहे. बटाटेवड्याचं तसंच. एका खिडकीवर दहा सेकंदांना एक प्लेट गेली तर पंधरा मिनिटांत नव्वद प्लेट्स. नाटक सुरू व्हायच्या आधी कुपनं विकणारा कँटीनवाला नाट्यव्यवहाराचा जाणकार समजावा.

प्रेक्षक मुख्यतः साठीच्या पुढचा आहे. त्यामुळे दुपारी चारची वेळ ही सोय राहिली नसून मुख्य वेळ झाली आहे. रात्रीचा प्रयोग सव्वाअकराला सुटतो. गडकरी स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे, म्हणून डोंबिवली-कल्याणचा माणूसही रात्रीचं तिकीट काढायचं धाडस करतो. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथवर आली, आणि १९७८ साली नाट्यगृह झालं ते त्या स्टेशनाच्या जवळ. शहराच्या नाटकाची निम्मी पुण्याई या शेजारात आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजकडे, शहर जिकडे वाढलं तिकडे. तिथला प्रेक्षक गाडीनं येतो किंवा रिक्षानं. त्याचा विचार वेगळा असतो: पार्किंग मिळेल का, सुटल्यावर बाहेर पडायला वीस मिनिटं लागतील का. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह सेक्टर १६-एमध्ये, स्टेशनापासून चालत जायचं म्हटलं तर दमछाक. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल २००४ साली सुरू झाल्यावर दोन शहरांतला प्रेक्षक एकमेकांकडे जाऊ शकला, पण खारघर किंवा ऐरोलीच्या माणसाला रात्री साडेअकराला स्टेशनापर्यंत रिक्षा मिळेल की नाही, यावर तिकीट अडतं. नवी मुंबईत रस्ते रुंद, सेक्टर आखीव, आणि नाटक मात्र एका टोकाला. आखणी करताना बाजार, शाळा, उद्यान प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे प्रत्येक उपनगरात, धरलं, तालमीची जागा कुणी धरली नाही.

२०२४-२५ मध्ये गडकरी दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद होतं तेव्हा हे नकाशावर उमटलं. प्रयोग कुठंतरी होतच असतात. पण चालत येणारा प्रेक्षक रिक्षाचा प्रेक्षक झाला की तो चार नाटकांऐवजी दोन पाहतो.

नावांचा एक तपशील मजेचा आहे. एक नाट्यगृह नाटककाराचं, गडकऱ्यांचं. ते १९१९ साली अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी गेले. दुसरं नटाचं, घाणेकर पेशानं दातांचे डॉक्टर. तिसरं भाव्यांचं, ज्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि त्या ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन म्हणतो. नेपथ्यकाराच्या किंवा दिवेवाल्याच्या नावाचं नाट्यगृह माझ्या तरी पाहण्यात नाही.

पैशाकडे येऊ. तिकिटाचा वरचा दर पाचशेवर का अडतो, याचं कारण प्रेक्षकांच्या खिशाइतकंच करातही आहे. २०१८ पासून नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. पाचशे एक केलं की पूर्ण रकमेवर कर. म्हणून निर्माता दर वाढवण्याऐवजी वरच्या दराच्या रांगा वाढवतो: आधी सात रांगा पाचशेच्या, मग दहा, मग बारा. खिडकीवरच्या प्लॅनवर पेन्सिलीच्या फुल्या पाहिल्या की हे दिसतं. मधल्या रांगा आधी भरतात, मग बाल्कनीची पहिली रांग, आणि बाराव्या रांगेच्या कडेच्या खुर्च्या शेवटपर्यंत पांढऱ्या. कडेला बसलेल्याला समोरच्या बाजूची अर्धी खोली दिसत नाही. बाजूच्या भिंती आत न दुमडता थोड्या बाहेर उघडून लावल्या तर दिसते, पण त्यासाठी विंगा मागं घ्याव्या लागतात, आणि सात ते साडेआठमध्ये विंगांना कोण हात लावतो.

उत्पन्न या प्लॅनमधून येतं आणि जातं ते भाडं, जाहिरात, बस, दिवे-ध्वनी आणि ‘नाइट’मध्ये. नाइट म्हणजे एका प्रयोगाचा मोबदला. दुपारी प्रयोग केला तरी नाइटच. नटाची नाइट, रंगभूषाकाराची नाइट, कपडेपटवाल्याची, रंगमंच कामगाराची नाइट. प्रयोग रद्द तर नाइट नाही. पावसानं लोकल थांबल्या की नटाच्या बातम्या होतात. सहा ते आठ कामगारांची त्या दिवसाची कमाई बुडते, तिची होत नाही.

हौशी संस्थेला हेच सगळं एकदाच, वर्षातून एका संध्याकाळसाठी करायचं असतं, म्हणून तिची दमणूक जास्त. तारीख आधी मागावी लागते, कारण पालिकेच्या नाट्यगृहांत तीन-चार महिन्यांचं वाटप एकदम होतं आणि शनिवार-रविवार नियमित संस्थांकडे जातात. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. ते तालमी सुरू करतानाच मागावं, तारीख मिळाल्यावर नव्हे. लेखकाची लेखी परवानगी, अनामत रक्कम, पोलिसांची परवानगी यांची फाइल एकाच माणसाकडे ठेवावी. आणि हजार खुर्च्यांचा मोह टाळावा. दीडशे माणसं हजार खुर्च्यांत बसली की नट रिकाम्या खुर्च्यांशी बोलतात. तीच दीडशे माणसं घाणेकरच्या छोट्या सभागृहात किंवा घंटाळीच्या एखाद्या हॉलमध्ये बसली की प्रयोग भरल्यासारखा होतो. ठाण्यात दोनशे खुर्च्यांच्या, काळ्या भिंतींच्या, नीट दिव्यांच्या जागा अजून चार हव्यात. मोठं नाट्यगृह अजून एक झालं नाही तरी चालेल.

डिसेंबर-जानेवारीत नाटकांना तारखा मिळत नाहीत, कारण शाळांची स्नेहसंमेलनं आणि नृत्यवर्गांचे कार्यक्रम. नाटकवाले यावर नाक मुरडतात. पण ते पूर्ण भाडं देतात, सभागृह गच्च भरतात, आणि पुष्कळांनी नाट्यगृह पहिल्यांदा आतून पाहिलेलं असतं ते पुतणीच्या भरतनाट्यमलाच. या कार्यक्रमाची अडचण वेगळी: प्रत्येक पालक आपल्या मुलीचा नाच झाला की उठतो, त्यामुळे शेवटच्या नाचाला अर्धं सभागृह. अनुभवी नृत्यशिक्षिका म्हणून सगळ्यात धाकट्या मुलींचा नाच शेवटी ठेवतात. या कार्यक्रमांना सेट नको, दिवेही बेताचे. एकच गोष्ट हवी असते. रंगमंच स्वच्छ हवा, कारण मुली अनवाणी नाचतात.

शनिवारचा रात्रीचा प्रयोग सव्वाअकराला संपतो. ओसरी, माडी, जिना मोडून बसमध्ये भरेपर्यंत साडेबारा वाजतात. टेकूंचे खिळे कटावणीनं उपटले जातात, पण घाईत दोन-चार मोडून डोकं निघतं आणि पाय आत राहतो, काही घरंगळून फळ्यांच्या फटीत जातात. रविवारी सकाळी साडेनऊला अरंगेत्रम, म्हणजे एका मुलीचा भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, आहे. बस गेल्यावर नाट्यगृहाचा एक कामगार मोबाइलचा टॉर्च जवळजवळ जमिनीला लावून रंगमंचावर उजवीकडून डावीकडे सरकत जातो, कारण तिरप्या उजेडात खिळ्याची सावली लांब पडते आणि दिसते. दुसऱ्या हातात बिस्किटाचा रिकामा डबा. मधूनमधून त्यात टिण्ण असा आवाज होतो.